हंबीर छाप उजेड

२ नोव्हेंबर १९४३, उंब्रज

आजपासून रोजनिशी नियमित. मागच्या नियमित रोजनिशीची पाने शेजारच्या बनूबाईने चुलीत घातली. हरकत नाही. त्यात सगळा बुडालेल्या दंतमंजनाच्या धंद्याचाच मजकूर होता.

रॉकेल मिळत नाही. मिळते ते परमिटवर, आणि परमिट मिळते ते ज्याचा मामा चावडीवर बसतो त्याला. गावाने दिवाळी अर्ध्या अंधारात काढली. लोक कुरकुरले, मी विचार केला. मेणबत्ती! पाचगणीला एवढ्या शाळा, एवढी साहेबांची पोरे. ती काय एरंडेलाच्या पणतीवर अभ्यास करणार? 'उंब्रज कँडल वर्क्स'. मालाचे नाव माझ्याच नावावरून 'हंबीर छाप'. कराडला जाऊन लेबले छापायला टाकून आलो. बत्ती अजून केलेली नाही, पण ते किरकोळ काम आहे.

५ नोव्हेंबर

विजयमाला सांगलीला, माहेरी. पहिले बाळंतपण. सासरे आप्पासो यांचा निरोप आला की जावयाचा एखादा धंदा धड चाललेला दिसला तर बाळबाळंतिणीला उंब्रजला पाठवू, नाहीतर मुलगी इथेच राहील. शिवाय त्यांच्या हळदीच्या अडतीत दिवाणजीची जागा मोकळी आहे, हेही सांगायला विसरले नाहीत. मॅट्रिकला दोनदा बसलेल्या माणसाने हळदीची पोती लिहीत बसायचे?

उलट निरोप धाडला: बारशाच्या मांडवात उजेड माझ्या बत्त्यांचा. त्या शेवटपर्यंत जळल्या तर बायकोमूल माझ्या घरी येईल. आप्पासोंनी मान्य केले. म्हणाले म्हणे, "बघू तरी, जावई काय उजेड पाडत्यात." सासऱ्याकडून इतके उत्तेजन क्वचितच कुणाला मिळते.

९ नोव्हेंबर

पाचगणीकडून मधाच्या पोळ्याचे मेण आणले. साचा म्हणून बांबूच्या नळ्या. वात बनूबाईने देवाच्या वातींतली दिली, कुरकुर करत. मेण ओतले, थंड केले, वात धरून ओढली. पाय लावून ओढली. वात बाहेर आली, बत्ती आत राहिली.

निष्कर्ष: वात मजबूत आहे.

१० नोव्हेंबर

बांबू फोडून बत्ती काढली. पेटवली. छान पेटली. मग भोवती मेणाचे तळे झाले आणि वात त्यात बुडाली. मी म्हणालो, विझली. बनूबाई भाकरी घेऊन आली होती, ती माझ्यावरच खेकसली. दिव्याला विझला म्हणू नये, शांत झाला म्हणावे, एवढे शिकून एवढेही कळत नाही का, वगैरे.

पटले. यापुढे इथेही तसेच लिहीन. बत्ती शांत झाली. असे लिहिले की तितके वाईट वाटत नाही.

१४ नोव्हेंबर

वात बारीक होती, म्हणून बुडाली. सरळ गणित आहे. रसूल पिंजाऱ्याकडून कापूस आणला आणि अंगठ्याएवढी वात वळली. रसूल म्हणाला, एवढ्या कापसात उशी होईल. त्याला धंद्यातले कळत नाही.

सायंकाळी पेटवली. उजेड भरपूर होता, पण धुरामुळे दिसला नाही. आढे काळे झाले. मीही. बनूबाई दारातून आत डोकावली आणि मला न ओळखता परत गेली.

१८ नोव्हेंबर

शोध लागला! विलायती बत्तीची वात पिळलेली नसते, विणलेली असते. विणलेली, मजबूत आणि घरोघरी सापडणारी वस्तू कोणती? पायजम्याचा नाडा. स्वतःचा काढून लावला. चांगली बोटभर जळली, मग शांत झाली. बोटभर म्हणजे प्रगतीच.

दुपारी बाजारात जाऊन नाड्यांचा अख्खा गठ्ठा घेतला. दुकानदाराने विचारले, घरात माणसे किती. मी म्हणालो, हे कारखान्यासाठी आहे. तो नाड्यांच्या कारखान्याबद्दल बोलत राहिला. मी धोतर सावरत निघून आलो.

२२ नोव्हेंबर

कराडच्या वाचनालयात इंग्रजी पुस्तक मिळाले. आपण उगाच चाचपडत होतो. त्यात स्वच्छ लिहिले आहे की वात आधी 'पिकल' करून घ्यावी, म्हणजे नीट जळते. पुढे टाकणखाराच्या पाण्याचे काहीतरी होते, ते ओलांडले; पिकल म्हणजे लोणचे, हे इंग्रजी तिसरीतले पोरही सांगेल. गावात दुसऱ्या कुणाला एवढे इंग्रजी येत नाही, हाच माझ्या धंद्याचा खरा आधार.

बनूबाई देवळात गेली असताना तिच्या बरणीतला आंब्याच्या लोणच्याचा खार घेतला. सगळे नाडे त्यात बुडवले आणि दोरीवर वाळत घातले. कावळे फार येतात.

२३ नोव्हेंबर

लोणच्याची बत्ती पेटवली. मोहरी तडतडली. एक दाणा भुवईवर बसला. घरभर हिंगाचा वास. रसूल रस्त्याने चालला होता, तो आत आला आणि पाटावर बसून म्हणाला, "वाढा की गड्या, काय केलंय?"

निष्कर्ष: इंग्रजांच्या लोणच्यात मोहरी नसावी. आपले लोणचे त्यांच्यापेक्षा जहाल आहे, यात राष्ट्रीय अभिमानच आहे. पद्धत तीच ठेवायची, मोहऱ्या तेवढ्या वेचायच्या. बनूबाई बोलत नाही. भाकरी मात्र आली. कोरडी.

२७ नोव्हेंबर

प्रयोगांत मेण संपले. सांगलीच्या पेठेत मेण मिळते, म्हणून कराडहून आप्पासोंना तार केली. तार इंग्रजीत, थोडक्यात: मेण संपले, मेण पाठवा, तातडीचे. फॉर्मवर मेण हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला, एम-ई-एन. बाकीचे शुद्ध इंग्रजी. तारमास्तरांनी ती दोनदा वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि घरचे सगळे बरे आहेत ना, असे हळूच विचारले. इंग्रजीचा असा दबदबा असतो.

३० नोव्हेंबर

सकाळी दारात आप्पासोंच्या अडतीतले चार हमाल. हातात काठ्या. मेणाचा पत्ता नाही. त्यांचा म्होरक्या आकाराम विचारू लागला, कुणाला धरून नेले, किती पडले. मग उलगडा झाला. अडतीत दिवाणजीने तार वाचली ती अशी: माणसे संपली, माणसे पाठवा, तातडीचे. सध्या आमच्या जिल्ह्यात रोज कुठे तारा तुटतात, कुठे चावडी जळते. आप्पासो घाबरले आणि होते नव्हते ते हमाल त्यांनी कोळशावर चालणाऱ्या मोटारीत बसवून दिले. दिवाणजीला मराठीतले मेण इंग्रजीत ओळखता येऊ नये? आणि तिथे मी दिवाणजी व्हायचे.

चार काठ्या माझ्या घरात शिरलेल्या पाहून मागोमाग हवालदार आला. घराची झडती झाली. बांबूच्या नळ्या, उकळते पातेले, दोरीवर लाल पाण्यात बुडवून वाळत घातलेले नाडे. बाँब कुठे ठेवलेत, म्हणाला. मी बत्ती दाखवली. तो ती चौकीवर घेऊन गेला. तासाभराने परत आणून दिली आणि हमालांसमोर म्हणाला, "ह्याच्यानं काय बी पेटायचं न्हाई. आमी लय काड्या घालवल्या."

म्हणजे सरकारने माल निर्धोक ठरवला. लेबलावर घालायला हवे.

जाताना आकाराम म्हणाला, "वैनीसाब सुखरूप हायत. आप्पासोंच्या घरात लक्ष्मी आली." तेव्हा बाळंतपण आटोपले. लक्ष्मीचे म्हणाल तर हळदीचा भाव चढला असणार. या अडतवाल्यांना बातमी सांगतानाही व्यापार सुटत नाही. बारसे १० तारखेला. मुलाचे नाव मी केव्हाच ठरवले आहे: दीपक. आकारामला आणखी विचारायचे होते, पण पातेले उतू जात होते.

६ डिसेंबर

पाचगणीहून पुन्हा मेण आणले. पुरवण्यासाठी त्यात राळ घातली. साठ बत्त्या तयार. लेबले लावली, फार देखणी दिसतात. साठांखेरीज नमुन्याच्या तीन केल्या होत्या, त्या पेटवल्या. दोन शांत झाल्या, एक जळाली. त्या एकीवरून धंद्याची दिशा स्पष्ट होते. दोघींना खिडकीचा वारा लागला, आणि सांगलीला मांडवात खिडकी नसणार.

बनूबाईने विचारले, पोरगा की पोरगी. मी म्हणालो, दीपक. ती म्हणाली, तुला सांगितलं कुणी. मी म्हणालो, यात सांगायचे काय. ती भाकरी ठेवून उलट्या पावली निघून गेली. अडाणी माणसाला आत्मविश्वास झेपत नाही.

१० डिसेंबर, सांगली, रात्री

मुलगी आहे.

सगळ्या पेठेला ठाऊक होते. आकाराम म्हणतो, म्यां सांगितलं व्हतं की. लक्ष्मी आली म्हणजे मुलगी झाली, हे मलाही येते. पण हळदीच्या अडतीतल्या माणसाने जरा स्पष्ट बोलावे. असो. मुलगीही चालेल. नाकावरून माझ्यासारखी दिसते, असे कुणी म्हणाले नाही, पण दिसते.

मांडव अंगणात, पाळणा मध्ये, चारी बाजूंनी साठ हंबीर छाप. दिवस मावळल्यावर सगळ्या पेटवल्या. काय शोभा! पेठेतले व्यापारी लेबले वाचत होते. विजयमाला पाळण्यापाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि चक्क हसली. तेवढ्यात कृष्णेकडून वारा सुटला.

डावी रांग शांत झाली. मी तिकडे धावलो, तर उजवी शांत होऊ लागली. कात्रीने नाडे छाटले, राळ खरवडली, काड्या ओढल्या. एक राहिलेली मोहरी उडाली ती आप्पासोंच्या फेट्यात. बायका पाळणा म्हणत होत्या. माझी थोरली बहीण मनुबाई तासगावहून आली होती, आत्या म्हणून नाव तिने ठेवायचे. मला कुणीतरी हाक मारली, नाव ठेवतात, पुढे या म्हणून. मी म्हणालो, आलोच, आणि मागच्या खांबाजवळच्या बत्तीपाशी गेलो, कारण ती अजून वाचण्यासारखी होती. वाचली नाही.

शुभकार्यात कुणाला विझली म्हणता येईना. माणसे अंधारात एकमेकांच्या पायावर पाय देत उभी. शेवटी आप्पासोंचा आवाज आला, "जावयांचा उजेड शांत झाला. बत्ती आणा रं." हमालांनी पोत्यांमागून पेटलेली गॅसबत्ती आणली. म्हणजे ती आधीपासून तयार होती. हा सरळ करारभंग आहे. मी तसे सांगायला उठलो तेव्हा घुगऱ्या वाटून झाल्या होत्या.

११ डिसेंबर, सांगली

सकाळी आप्पासोंनी सांगितले की बाळबाळंतिणीला पाठवणार नाही. मी म्हणालो, वाऱ्याचा करार नव्हता. ते म्हणाले, दिवाणजीची जागा अजून मोकळी आहे. मी मॅट्रिकचा उल्लेख तेवढा केला.

निघायच्या वेळी विजयमालाने आत बोलावले. बाळ तिच्या मांडीवर होते. ती रागावलेली नव्हती, हे मला चांगले आठवते. म्हणाली, बाबांचे तुम्ही मनावर घेऊ नका, त्यांना मी बघते. मग म्हणाली, "मला तुमच्या बत्तीचं काय बी न्हाई. अंधारात बी ऱ्हाईन. पोरीचं नाव काय ठिवलं, तेवढं सांगा. सव्वा म्हैना झाला की तुमच्या घरी येते."

मी म्हणालो, नाव चांगले आहे.

ती थांबली. मी म्हणालो, तिला शोभते. ती तरीही थांबली. घरात सगळे बाळाला नुसते बाळे, बाळे करत होते. त्याचा उपयोग नव्हता. मनुबाई पहाटेच तासगावला गेली होती. दारात आप्पासो उभे होते, त्यांना कसे विचारणार? मी बाळाकडे पाहिले. ती झोपली होती. फार लहान आहे. इतकी लहान असते हे मला कुणी सांगितले नव्हते.

विजयमाला पदराने तिचे तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, मोटारीची वेळ झाली असेल.

१२ डिसेंबर, उंब्रज



मनुबाईला पत्र लिहायला घेतले. 'ती. ताईस साष्टांग नमस्कार. माझ्या मुलीचे नाव' इथपर्यंत लिहिले आणि पुढे काय लिहावे ते सुचेना. फाडले. वाईट दिसते. आकारामला माहीत असणार, पण हमालाला विचारायचे म्हणजे तेही वाईट दिसते. मधूनच सुलोचना असावे असे वाटते. मग वाटते, नसावे. वात आणखी बारीक करून पाहायला हवी होती.

बनूबाई भाकरी घेऊन आली. आज वर लोणचे होते. समोर बसली आणि विचारले, बाळाचं नाव काय ठेवलं रं?

सांगितले, अजून ठरायचे आहे.