अकरा हट्टी माणसं आणि माझा टॉवेल

सोमवार, १२ ऑगस्ट
कोडी स्प्रेडलिनच्या खटल्यातल्या साक्षी संपल्या. शेजाऱ्याचं गवताचं कोठार पेटवल्याचा आरोप. दोषी ठरला तर वीस वर्षं आत, आणि बायको आठव्या महिन्यात. म्हणजे ज्यूरीत एक तरी शहाणा माणूस हवाच. प्रमुख मीच होणार हे धरून टाय लावून गेलो. अर्धं आयुष्य बॅप्टिस्ट चर्चचा डीकन म्हणून कारभार बघतोय. निवडलं कोणाला, तर एका मेथॉडिस्ट दातांच्या डॉक्टरला. आम्ही माणूस अख्खा पाण्यात बुडवतो, यांचा बाप्तिस्मासुद्धा चार थेंबांत उरकतो. मनाला लावून घेतलं नाही. जेवलो नाही, ते उकाड्यामुळे.

पहिल्या मतदानात अकरा जण म्हणाले निर्दोष. निकालाला बाराही जणांचं एकमत लागतं; मी मत राखून ठेवलं. आग लागली तेव्हा आपण नदीवर मासे पकडत होतो, असं कोडी सांगतो. रविवारी, ऐन उपासनेच्या वेळी. असा माणूस काय काय पेटवणार नाही? हे मी बोलून दाखवलं. ओडेसाबाई पिंकनी, निवृत्त नर्स, शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाल्या, अहो डीकन, येशूचे कितीतरी शिष्य कोळीच होते की. सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

मंगळवार, १३ ऑगस्ट
देवालाच विचारायचं ठरवलं. बायबलातल्या गिदोनानं रात्री खळ्यात लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली होती. आता लोकर कुठून आणू? बायकोचा, म्हणजे वर्नेलचा, पाहुण्यांसाठीचा टॉवेल काल रात्री हिरवळीवर अंथरला. ओला झाला तर दोषी. सकाळी चिंब. वर्नेल म्हणाली, जॉर्जियात ऑगस्टात टॉवेलच काय, टपालपेटीही दवानं ओली असते. आणि तो टॉवेल माझ्या आईनं दिलाय. बायकोला धर्मशास्त्र शिकवणं माझ्या नशिबात नाही.

ज्यूरीला सांगितलं.  दातवाला म्हणाला, आपण पुराव्याकडे वळूया का. पुरावा म्हणजे एकच साक्षीदार, तोही चष्मा घरी विसरलेला.

बुधवार, सकाळ
गिदोनानं दुसऱ्या रात्री परीक्षा उलटी केली होती. मीही केली. कोरडा राहिला तर दोषी. हिरवळीवर कुत्रा लोळतो, म्हणून टॉवेल व्हरांड्यात ठेवला. कोरडा ठणठणीत. देव दोनदा बोलला. वर्नेल म्हणाली, छपराखाली ठेवल्यावर देवानं तो ओला करायचा तरी कसा. मी टॉवेलाची घडी घातली.

स्वप्नात कोडीची बायको दिसली, पोटावर हात ठेवून बसलेली. कालच्या चवळीमुळे असणार.

बुधवार, संध्याकाळ
खटल्याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, अशी न्यायाधीशबाईंची ताकीद. मी पाळतोच. पण प्रार्थनासभेत विनंती मांडणं वेगळं. ते देवाशी बोलणं, सगळ्यांचे डोळे मिटलेले. नावही घेतलं नाही. एवढंच म्हणालो, प्रभू, एक मासे पकडणारा तरुण आहे, एक जळलेलं कोठार आहे आणि एका खोलीत अकरा जण माझं ऐकत नाहीत. त्या खोलीत न्यायाच्या आड येणारा हट्ट दूर कर. सगळे आमेन म्हणाले. डोळे उघडले तर तिसऱ्या बाकावर कोर्टाचा बेलिफ. तोही म्हणाला असावा.

गुरुवार, १५ ऑगस्ट
न्यायाधीशबाईंनी दालनात बोलावलं. वाटलं, प्रमुख बदलतायत. बेलिफ बुटांकडे बघत होता. मी सांगितलं, मी फक्त देवाशी बोललो. त्या म्हणाल्या, हो मिस्टर टटल, पण माइकवरून.

मला ज्यूरीतून काढलं. राखीव म्हणून बसवलेली पार्लरवाली मुलगी माझ्या खुर्चीवर. जेवणाच्या सुट्टीआधीच निकाल लागला: निर्दोष. कोडी घरी गेला. मला संताप यायला हवा होता. गाडीत बसलो आणि हायसं वाटलं. हे इथे लिहायला नको होतं.

रविवार, १८ ऑगस्ट
बुधवारची प्रार्थना एव्हाना गावभर झालेली. कोडीची आई आमच्या चर्चमध्ये आली, पहिल्यांदाच. उभी राहून म्हणाली, त्या खोलीतला हट्ट दूर व्हावा म्हणून तुम्ही सगळ्यांनी बुधवारी प्रार्थना केलीत, आणि देवानं गुरुवारी सकाळीच तो उचलून बाहेर ठेवला. तुमचे उपकार कसे फेडू? रडत होती बिचारी.

सगळं चर्च माझ्याकडे बघायला लागलं. देवाच्या कृपेची अशी साक्ष कोणी दिली की पहिलं आमेन डीकननं म्हणायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. वर्नेलनं कोपर मारलं. म्हणालो. आवाज बरा लागला.