पाटलांच्या ओसरीवरचा चहा

बाबा, माझी साखर काठावर आहे म्हणे. आदिलाबादच्या डॉक्टरांनी हिंदीत सांगितलं, "बॉर्डर पे है, बहनजी," आणि मला हसू आलं, कारण आपण जन्माचेच बॉर्डरवरचे; पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. हसू तेवढंच. त्यानंतर मी चार ठिकाणी रक्त देऊन आले आणि चारही कागद एकमेकांशी भांडतात. पहिल्यात उपाशी पोटी एकशे अठरा आणि जेवून दोन तासांनी एकशे सहा. खाल्लं की उतरते, उपाशी राहिलं की चढते. हे कुठल्या इयत्तेचं गणित, तुम्हीच सांगा. लॅबवाला म्हणाला, "पर्वालेदु मॅडम, काही नाही होत." यवतमाळच्या डॉक्टरांनी नवा आकडा पाहून मला झापलं आणि विचारलं, वडील कशानं गेले? मी म्हणाले, शुगरनं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुढचं सगळं हळू आवाजात बोलले. तिसऱ्या वेळी आकडा पुन्हा खाली, चौथ्या वेळी पुन्हा वर. एक म्हणतो गोळी नको, दुसरा म्हणतो आजपासून चालू करा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मला आकड्यांची भीती नाही वाटत. पुढं काय होतं ते मी पाहिलेलं आहे, भीती त्याची वाटते.

तुमचं आधी आईनंच ओळखलं होतं. सकाळची वेळ, ती न्हाणीच्या मागं उभी आहे आणि तुम्हाला हाक मारते, "हे पाहा ना, इथं मुंग्या लागून राह्यल्या." तुम्ही दात घासता घासता म्हणता, "पावसाळा हाय, मुंग्या निंगतातच." दवाखान्यात तेव्हा नळीतल्या लघवीत निळं औषध घालून दिव्यावर तापवायचे. तुमचं आधी हिरवं आलं, पुढच्या खेपेला विटेसारखं लाल, मग पुन्हा हिरवं. हिरवं आलं की तुम्ही पास झालेल्या पोरासारखे घरी यायचात. घरात मात्र तुम्ही पथ्याचे पक्के होता, ते मी कबूल करते. कारल्याचा रस, ज्वारीची भाकर, बिनसाखरेचा काळा चहा, आणि तो पिताना तोंड वाकडं न करण्याचा मास्तरी बाणा. मला वाटायचं, हा माणूस सुटेल. मी तेव्हा मॅट्रिकला होते, मला बाजारच्या दिवसाचं माहीत नव्हतं.

दर बाजाराच्या दिवशी तुम्ही पाटलांच्या ओसरीवर जात होता. एकदा मीही सोबत आले. पाटलांनी आत आवाज दिला, "गुर्जीले चा आना, साखर बरी टाका." तुम्ही हळूच म्हणालात, "पाटील, साखर जरा कमीच..." पाटील हसले. ओसरीवरच्या माणसांकडं बघत म्हणाले, "काऊन गुर्जी, आमच्या घरचा चा चालत नाही का तुमाले?" तुम्ही "चालते ना" म्हणालात, चहा बशीत ओतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलात. परतताना मी रस्त्यात तुमच्याशी भांडले. नाल्यापाशी आल्यावर म्हणालात, "माह्या बापानं या घरी जलमभर चाकरी केली. त्याचा कप गोठ्याच्या वळचणीले खोचून राहे, कान तुटलेला. चा वरून ओतत, किटली कपाले लागू नये म्हनून. आता तेच घर मले ओसरीवर बसवून कपबशीत देते. तिथं मी नाही म्हनू?" घरी आईला हे सांगितलं तर ती भाकर थापता थापता म्हणाली, "मंग मरा चा पिऊन." आणि नंतर चुलीकडं तोंड करून रडली.

कपाशीच्या वावरात पऱ्हाटीचं खुट तुमच्या पायात घुसलं तेव्हा तुम्हाला कळलंसुद्धा नाही. मोज्याला रक्त लागलेलं आईनं पाहिलं. "दुखत नाही ना, मंग काय झालं?" असं तुम्ही म्हणायचात, जणू काही मोठी कमाई केली होती. आधी अंगठा काढला, मग घोट्यापासून पाय. शाळेत कुबडी घेऊन जाणार म्हणत होता. उन्हाळ्याची सुटी संपायच्या आत तुम्ही गेलात.

तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाटील आपल्या घरी आले. पहिल्यांदाच. अंगणात खुर्चीवर बसले, तुमच्याबद्दल चांगलं बोलले. आईनं नवी कपबशी काढली, चहा त्यांच्या पुढं धरला. पाटील म्हणाले, "नको बाई, मले शुगर हाय." इतकं साधं. कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही. आईनं कप तसाच आत नेला. त्यांना खरंच शुगर होती की आपल्या घरचा चहा नको होता, ते मला आजवर कळलेलं नाही. पण बाबा, त्या दिवशी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा त्यांचाही आला नाही. जे वाक्य तुम्हाला जन्मात जमलं नाही, ते त्या माणसानं आपल्या अंगणात बसून सहज टाकलं.

आता तुमच्याच शाळेत मी शिकवते. पाटील गेले. त्यांच्या सुनेनं परवा मला घरात बोलावलं, ओसरीवर नाही, आत. रस्ताभर मी तेच वाक्य घोकत गेले: मला शुगर आहे. पण आहे का? चार कागदांपैकी एकही तसं ठामपणे म्हणत नाही. असती तर छाती ठोकून सांगितलं असतं. नसती तर बिनघोर प्यायले असते. सूनबाईंनी कप पुढं केला आणि माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायच्या आत माझा हात पुढं गेला होता. मी आता रोज आंघोळीनंतर तळपाय निरखते. डाव्या टाचेला परवापासून बधिर वाटतं, कदाचित भासही असेल. मी सुटेन असं मला वाटत नाही. तुमच्याबद्दल वाटायचं, स्वतःबद्दल नाही.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून घडी करून तुमच्या जुन्या कोटाच्या खिशात ठेवते आहे. एवढंच सांगायचं राहिलं. त्या घरी मी दुसरा कपही घेतला. तो त्यांनी विचारला नव्हता, मीच मागितला.