खरं सांगेल त्याला मांडी

३ मार्च, सोमवार

गोळ्याच्या मांडीवर चिमट्याची खूण! लंगोट बदलताना दिसली. आतल्या बाजूला, वरून कोणाला दिसणार नाही अशा जागी. आठ महिन्यांचं लेकरू ते, कोणाचं काय घोडं मारलंय त्याने?

बाकीच्या दहाही पोरांना समोर बसवलं. विचारलं, कोणी केलं? आपल्या पाळणाघराचा नियम एकच – खरं सांगेल त्याला ओरडा नाही, उलट मांडीवर घेऊन शाबासकी. बावीस वर्षं चालवतेय हे, एकाच्याही पाठीत धपाटा न घालता. आहे कोणाची छाती असं म्हणायची?

बटण उठली. पाच वर्षांची. फ्रॉकचं वरचं बटण सतत तोंडात, म्हणून बटण. ‘‘काकू, मी केलं.’’ रडणं नाही, मान खाली नाही. नियमाप्रमाणे मांडीवर घेतलं, म्हटलं, शहाणी गं माझी. तिने डोकं टेकलं ते अर्धा तास उतरायचं नाव नाही.

४ मार्च

आणखी एक खूण. परत बटणच.

६ मार्च, गुरुवार

तिसरी. विचारलं, ‘‘का गं चिमटे काढतेस?’’ म्हणे, ‘‘माहीत नाही.’’ ‘‘त्याला दुखतं ना?’’ ‘‘हो. खूप दुखतं.’’ – आणि हे सांगताना हात माझ्या चष्म्याच्या दोरीशी खेळतोय! अंगावर काटाच आला.

वन्संना सांगितलं. यांच्या थोरल्या बहीण, दोन महिन्यांपूर्वी कायमच्या राहायला आल्या. दुपारची झोपेची वेळ त्याच बघतात. म्हणाल्या, ‘‘पोर बिघडलेलीच आहे. डोळे बघ तिचे. काढून टाक, नाहीतर बाकीच्यांना लागण होईल.’’

वन्संच्या हाताला मात्र गुण आहे हं. एक ते तीन झोपेच्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येते. मला बावीस वर्षांत जमलं नाही ते!

१० मार्च, सोमवार

शनिवार-रविवार डोक्यातून जाईना. आज मुलांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला, नाव न घेता विचारलं. म्हणाल्या, या वयात दुसऱ्याचं दुखणं कळायला लागतं. कळूनही आत काही हलत नसेल तर लक्ष ठेवा. आणि मग म्हणाल्या, ‘‘तिला चिमटा काढताना पाहिलंय का कोणी?’’ अहो, स्वतःच्या तोंडाने कबूल करते! आणखी काय पाहिजे?

घरी तरी काय असणार. आई एकटी, इस्पितळात नर्स. आज दिवसपाळी, उद्या रातपाळी. सकाळी अर्धवट झोपेतली पोर दारात सोडते, संध्याकाळी पाय ओढत न्यायला येते. पोरीशी दोन शब्द बोलायचंही त्राण उरत नाही बाईत.

११ मार्च

आज मुद्दाम नजर ठेवली. बटण गोळ्यापाशी बसून त्याचे पाय चोळत होती. ‘‘हात काढ!’’ – ओरडलेच मी. या घरात पोरांवर पहिल्यांदा आवाज चढवला.

आणि सगळी पोरं एकदम आडवी झाली! जिथे होती तिथे, डोळे घट्ट मिटून. सकाळचे दहा वाजलेले. आधी हसू आलं मला. मग नाही आलं.

१४ मार्च, शुक्रवार

चौथी खूण, काळीनिळी. गोळ्याची आई रडलीच. ‘‘काकू, तुमच्या भरवशावर ठेवते हो मी.’’ मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

संध्याकाळी बटणच्या आईला सांगून टाकलं – सोमवारपासून आणू नका. ती म्हणाली, ‘‘कुठे ठेवू हो हिला? नोकरी जाईल माझी.’’ मग वळून पोरीला, ‘‘केलंस तू?’’ ‘‘हो.’’ फाडकन कानाखाली! माझ्या दारात, माझ्यादेखत.

बटण आईकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती, दोन्ही हात वर करून. खरं सांगितलं होतं ना तिने.

नाही घेतलं. दार लावलं. बाकीच्या दहांचा विचार मी नाही करायचा तर कोणी?

वाईट वाटतंय. वाटू दे.

१७ मार्च, सोमवार

नवी खूण. ताजी, लालभडक.

पोरांना बसवलं. कोणी उठेना. सगळ्यात मोठा दातपडक्या, सहा वर्षांचा, तो म्हणाला, ‘‘बटण नाहीये ना आज.’’

म्हणजे काय रे?

‘‘ती सांगते ना रोज. तिला मांडी आवडते. आणि मग तुम्ही आम्हाला विचारत नाही.’’

मग केलं कोणी? दातपडक्याने झोपेच्या खोलीकडे पाहिलं आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

१८ मार्च

दुपारी दीड. दाराच्या फटीतून पाहिलं. गोळा किरकिरला. वन्संनी लंगोटाच्या कडेत बोटं घातली, चिमटा काढला, दुसरा हात त्याच्या तोंडावर. तो गप्प होईपर्यंत सोडलं नाही. मग बोट नाचवून हळूच, ‘‘रडायचं नाही. कळलं?’’ आठ महिन्यांच्या पोराला! आणि कळलं होतं त्याला. हुंदका गिळला त्याने.

खोलीभर पोरं डोळे मिटून पडलेली. झोपलेलं एकही नव्हतं.

आत गेले, गोळ्याला उचललं. वन्संना म्हटलं, ‘‘हे काय?’’ त्या म्हणाल्या, ‘‘वळण लावावं लागतं. तुझ्या लाडाने नाही लागत.’’ यांना सांगितलं तर हे म्हणतात, ‘‘ताईबद्दल शब्द काढू नकोस. घर तिच्या नावावर आहे. उठून जा म्हणाली तर जायचं कुठे?’’

जाऊ कुठेही! उद्या गोळ्याच्या आईला सगळं सांगणार. तिथून तडक बटणच्या घरी. पाय धरीन त्या पोरीचे.

१९ मार्च, बुधवार

गोळ्याच्या आईने डाग दाखवला. ‘‘आता ती मुलगी येत नाही ना? मग हा कुठून आला?’’ वन्सं मागेच उभ्या होत्या.

मी म्हटलं, ‘‘मुका मार वर यायला वेळ लागतो हो. तिचाच आहे.’’