फाटकावरचा सालेह

सुंगाई लालांग, पोलीस लाइन
३१ ऑगस्ट १९४६

थोरल्या बहिणीला, कक लाँगला,

बहारोमचा सलाम. ईदेला आलो नाही म्हणून रागावली असशील. रजा मिळाली नाही असं लिहिणार होतो, पण मी ती मागितलीच नव्हती. माझी भाची मून आता स्वयंपाकाला हात लावते का? तिला माझे पापे.

ईदेचं जेवण लाइनीतच झालं. आपल्या रीतीप्रमाणे एका थाळ्याभोवती चौघं. माझ्या थाळ्याशी कुणी बसलं नाही. कॉर्पोरल दाऊद जाता जाता म्हणाला, "पोटभर जेवा हो सार्जंट, साहेबांचे लाडके तुम्ही!"

कारण सांगतो. लढाईत आम्हाला ठाण्यावर ठेवून मोटारीने निघून गेलेले थॉर्बर्न साहेब बढती घेऊन परतलेत. आता तेच आम्हाला दरडावतात, जपान्यांच्या हाताखाली का राबलात? शिपायांनी त्यांच्याविरुद्ध वर अर्ज करायचं ठरवलं. सगळ्यांनी सह्या केल्या. मी केली नाही.

त्याआधीच साहेबांनी मला बोलावून चक्क खुर्ची दिली होती. म्हणाले, "तुझा मेहुणा सालेह नोकरीत असताना तापाने वारला असं मी लिहून देतो. बहिणीला पेन्शन सुरू होईल. तू मात्र त्या अर्जाच्या भानगडीत पडू नकोस." मला तुझं गळकं छप्पर आठवलं. मी मान डोलावली.

कक लाँग, सालेह अबांग कसे गेले हे तू दरवेळी विचारलंस आणि मी दरवेळी मासळीच्या भावाचं काहीतरी बोलत बसलो. आता ऐक. साहेब मोटारीत बसताना फाटकावर पहाऱ्याला असलेल्या अबांगना म्हणाले, "सकाळी येतो. तोवर कुणाला आत सोडू नकोस." सकाळी सायकलींवरून जपानी आले. आम्ही मागच्या भिंतीवर चढलो होतो. मी ओरडलो, "अबांग, चला लवकर!"

"तू हो पुढे," ते म्हणाले. "साहेब आले की त्यांना काय तोंड दाखवू?"

मग टोपी नीट करून जपान्यांना म्हणाले, "साहेब बाहेर गेलेत. जरा थांबा, येतीलच." त्यातला एक हसला. दुसऱ्याने गोळी घातली.

आज दुपारी मी दाऊदकडे जाऊन सही केली आणि हे सगळं त्या अर्जात घालायला लावलं. त्याने मला बसायला सांगितलं नाही, मीही थांबलो नाही. तुझी पेन्शन गेली, कक लाँग. तुला न विचारता मी ती घालवली. माझी नोकरीही बहुतेक जाईल.

मूनला सांग, साहेब काहीही लिहोत, बाबा तापाने गेले नाहीत. मला हवं ते बोल, पण दार लावून घेऊ नकोस. इथे मला हल्ली कुणी नावाने हाक मारत नाही. तुझ्या तोंडून एकदा शिवी तरी ऐकायला येऊ का?

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
तुझा भाऊ,
बहारोम