बाबांची जड फाइल

प्रिय ठेंगू,

सहा फूट एक इंच माणसाला अजून ठेंगू म्हणते म्हणून रागावू नकोस. तू घरात सगळ्यांत उंच झालास ते आमच्यापैकी कोणालाही न सांगता, त्याला माझा इलाज नाही. फोन न करता पत्र का लिहितेय असं तुला वाटेल. फोनवर तू तीनच शब्द बोलतोस, ‘हं’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’. मेसेज केला तर अंगठा दाखवतोस. आज मला सविस्तर सांगायचंय आणि मध्येच कोणी ‘ठेवतो’ म्हणायला नकोय, तेव्हा चहा घेऊन बस. पहिली बातमी अशी की बाबा भाषण देणार आहेत. हसू नकोस. छपाई शिकवणाऱ्या संस्थेनं त्यांना बोलावलंय. येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी चाळीस वर्षांच्या बाइंडिंगबद्दल तासभर बोलायचं आहे. आजवर त्यांना कोणी कशावरही बोलायला बोलावलं नव्हतं. आमंत्रणाचं पत्र त्यांनी आधी दोन दिवस खिशात ठेवलं, मग आईला दाखवलं, आणि मग त्याला पुठ्ठा लावून कपाटात ठेवलं.

दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस तासभर काय बोलणार, हा प्रश्न त्यांनाही पडलाच. म्हणून त्यांनी फोटोंचा आधार घ्यायचं ठरवलं. माझा जुना लॅपटॉप मागून घेतला आणि चार महिने वर्कशॉपच्या कोपऱ्यात बसून, कोणाला न विचारता, स्वतःच प्रेझेंटेशन तयार केलं. चौसष्ट स्लाइड. एक फोटो दाखवायचा, त्याबद्दल दोन वाक्यं बोलायची, पुढे जायचं. बेत झकास होता, पण फाइल उघडायला सात मिनिटं घेई आणि एका स्लाइडवरून दुसरीवर जायला दीड. मागच्या आठवड्यात संस्थेत तालीम झाली तेव्हा तिसऱ्या स्लाइडवर पडदा जो अडला तो अडलाच. समोर चार शिक्षक बसलेले आणि बाबा नुसते उभे. फोटो नाही म्हणजे शब्दही नाहीत. शेवटी ते लॅपटॉप बंद करून घरी आले आणि जेवताना म्हणाले की गुरुवारचं नको म्हणून कळवतो. हे मला आईनं सांगितलं. म्हणून गेल्या रविवारी मी माझी सगळी आयुधं घेऊन वर्कशॉपमध्ये गेले.

वर्कशॉप तू सोडून गेलास तसंच आहे. दुपारची वेळ होती, शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि त्याच्याखालून आलेलं ऊन जमिनीवर अंथरल्यासारखं पडलं होतं. त्यात कागदाची भुकटी तरंगत होती, वर जात होती की खाली येत होती ते कळत नव्हतं. खळीचा तोच आंबूस वास. आई खुर्चीत पेंगत होती. बाबांनी लॅपटॉप पुस्तकं दाबायच्या शिकंज्याशेजारच्या टेबलावर स्वच्छ फडकं अंथरून ठेवला होता, शिवायच्या पुस्तकासारखा. मी फाइल उघडायला लावली आणि आम्ही दोघं ते गोल गोल फिरणारं वर्तुळ पाहत बसलो. ऑफिसातले अडलेले कॉम्प्युटर बरे करते म्हणून मला सगळे डॉक्टर म्हणतात, पण एक गोष्ट मी कोणाला सांगत नाही. मला ही थांबायची वेळ फार आवडते. यंत्र विचारात पडलं की माणसंही कुठेतरी निघून जातात. आमच्या टायपिस्टबाई एकदा त्या वर्तुळाकडे बघत म्हणाल्या, मला लहानपणी पोहता यायचं, आता येतं की नाही कोण जाणे. मग फाइल उघडली आणि त्या पुन्हा टाइप करायला लागल्या. रविवारी बाबा त्या वर्तुळाकडे तसेच बघत होते. मीही बघत होते, आणि तू टेबलाच्या पलीकडे दोरा ओवत बसला आहेस असं मला मधूनच वाटत होतं.

असो. उपचार नेहमीचेच सुरू केले. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. तो चालू होताच आपोआप जागे होणारे अकरा प्रोग्रॅम झोपवले. दोन अँटीव्हायरस एकमेकांवर पहारा करत बसले होते, त्यातल्या एकाला रजा दिली. फाइल पेनड्राइव्हवरूनच चालवत होते, ती आत उतरवून घेतली. रखडलेले अपडेट केले. मग लक्षात आलं की प्रत्येक स्लाइड बदलताना पान उलटल्याचा देखावा घातलाय, कोपरा उचलला जातो, पान वळतं, सगळं सावकाश. हे काढून टाकते म्हटलं तर बाबा म्हणाले, पान उलटल्याशिवाय पुढचं पान दिसेल कसं? बाइंडरशी या विषयावर कोण वाद घालणार, राहू दिलं. एवढं करून सात मिनिटांची पाच झाली, दीडचं एक. तेव्हा मी फाइल किती मोठी आहे ते पाहिलं. सव्वा जीबी! व्हिडिओ नाही, आवाज नाही, चौसष्ट स्लाइडवर चौसष्ट फोटो, तेही कडेनं कापून अरुंद केलेले. मग एवढं वजन आलं कुठून?

म्हणून एकेक फोटो नीट पाहायला घेतला. ते वरून खाली हळूहळू उमटत होते. आधी छताचा पत्रा, मग लोंबणारा दिवा, मग बाबांचं टक्कल, मग हात. सातव्या स्लाइडवर बाबा एक जाडजूड रजिस्टर शिवत होते आणि त्यांना तीन हात होते. मला वाटलं माझे डोळे दमलेत. अठराव्या स्लाइडवर शिकंज्याच्या चाकावर चार बोटं दिसली, आणि त्यातल्या एका बोटाचं नख काळंनिळं. ते नख मी कुठेही ओळखेन. त्याच शिकंज्यात बोट सापडलं होतं तुझं, आणि मी दुपारभर त्यावर बर्फ धरून बसले होते. सगळे फोटो आईचे. आई कशाचाही फोटो काढायला गेली तरी दोन पावलं सरकून तुला त्यात घ्यायचीच, हे तुलाही माहीत आहे. बाबांनी त्या चौसष्टही फोटोंतून तुला कापून काढलं होतं. हे वाचून तुला वाईट वाटेल. मलाही वाटलं, पण लपवून काय करू? मी विचारलं तेव्हा ते पडद्याकडेच बघत म्हणाले की विषय बाइंडिंगचा आहे, घरचा नाही.

तुझी बाजू मी तेव्हाही घेतली होती आणि आजही घेते. बारा वर्षं त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम केल्यावर, शिवण न घालता गरम गोंदानं पुस्तक बांधणारं मशीन तू आठ दिवस वापरून पाहायला आणलंस, यात काही गुन्हा नव्हता. न विचारता आणलंस, ही तुझी चूक. आणि ते गिऱ्हाइकांसमोर परत टेम्पोत चढवायला लावून, हा इथे कामाला आहे, मालक मी आहे, असं बाबा म्हणाले, ही त्यांची. तू ॲप्रन काढून खिळ्याला लावलास आणि निघालास. त्याला सहा वर्षं झाली. तू दुसऱ्या गावच्या कारखान्यात तसल्याच मशीनवर दिवसाला हजार पुस्तकं बांधतोस, आणि इकडे त्या खिळ्याला दुसरं काही लावायला बाबा कोणाला परवानगी देत नाहीत. तुमच्या दोघांच्या मधे मी आणि आई निरोप्यासारख्या धावतो, फक्त निरोप कधीच कोणी देत नाही. मला याचा कंटाळा आलाय रे. तुझी आठवण येते आणि मग तुझा रागही येतो, दोन्ही एकदमच.

आता फाइलच्या दुखण्याचं सांगते. बाबांनी जन्मभर कापलं ते कटिंग मशीनवर. पातं खाली आलं की कात्रण टोपलीत, संध्याकाळी टोपली रिकामी, विषय संपला. त्यांना वाटलं इथेही तसंच होतं. पण या सॉफ्टवेअरमध्ये कापलेला भाग जात नाही, नुसता झाकला जातो. दिसत नाही, तरी फाइल तो सगळा आत सांभाळून असते आणि दर वेळी उघडताना बरोबर घेऊन येते. आईनं मोठ्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो, त्यात तू उंच, म्हणजे बराचसा फोटो तूच. यावरचा इलाज माझ्या धंद्यातला सगळ्यांत सोपा आहे. एका बारीक चौकोनात खूण करायची की कापलेले भाग कायमचे काढून टाका. अर्ध्या मिनिटात फाइल हलकी होते, आणि गेलेलं मग परत आणता येत नाही. ऑफिसात ही खूण मी कोणाला न विचारता करते. रविवारी मात्र मी माऊसवरचा हात काढून घेतला आणि बाबांना सगळं समजावून सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, “म्हणजे तो आत आहे?”

मी म्हटलं, हो, चौसष्टही फोटोंत आहे.

“दाखव,” म्हणाले.

कापण्याचं बटण पुन्हा दाबलं की झाकलेला भाग करड्या सावलीत दिसायला लागतो. पहिल्या फोटोच्या कडेला आधी अंधार पसरला, मग त्या अंधारातून तुझा खांदा आला, मग कान, कानावरची पेन्सिल, आणि मग हसणारा तू. पुढचा फोटो यायला मिनिटभर, मग पान उलटायचं, मग पुन्हा तू. कुठे मिशी ठेवलेला, कुठे नसलेला, कुठे पाठमोरा, कुठे दोरा दातात धरलेला. आई केव्हा जागी झाली कळलं नाही, ती खुर्ची ओढून आमच्यामागे येऊन बसली होती. कोणी घाई करत नव्हतं. जमिनीवरचं ऊन चढून टेबलावर आलं, तिथून भिंतीवर गेलं, तरी आम्ही बघतच होतो, आणि आपण कुठल्या वर्षात बसलो आहोत याचं मला भान उरलं नव्हतं. बाबा फक्त कामाचं बोलत होते. इथे त्याचा टाका चुकला होता. या पुस्तकाची पाठ त्यानं बसवली, माझ्याहून सरळ बसली. एक्केचाळिसाव्या स्लाइडवर म्हणाले, थांब. नकाशांचं ते अजस्र पुस्तक, जे एकट्याला उचलत नसे, ते तुम्ही दोघं शिकंज्यातून बाहेर काढत होतात. कापलेल्या फोटोत बाबा चौकटीबाहेर कुठेतरी बघताना दिसायचे, पुस्तकाकडे लक्ष का नाही असं वाटायचं. आता तू आलास आणि कळलं. तू पुस्तकाकडे बघत होतास आणि ते तुझ्याकडे. असे बघत होते की मला रडू आलं. बाबांनी लॅपटॉप मिटला आणि चहाचे कप विसळायला गेले.

त्यानंतर फोटोंची धार जराशी कमी करून मी मिनिटाचं अर्ध्या मिनिटावर आणलं. त्याहून जलद हवं तर ती खूण करावीच लागेल, तुम्ही ठरवा, असं सांगून घरी आले. काल संध्याकाळी दार वाजलं तर बाबा, एकटेच, लॅपटॉप कापडी पिशवीत घेऊन. भाषण ते करणार आहेत. आणि एक्केचाळिसावी स्लाइड त्यांना न कापता लावायची आहे, तुझ्यासकट. मी म्हटलं, त्यात काय, आत्ता करून देते. तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “त्याला विचार आधी. न विचारता नाही लावायचा.” ठेंगू, हे पत्र त्यासाठी आहे. बाबांनी आपल्यापैकी कोणाला कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे त्यांना ते तुला स्वतः विचारता येत नाहीये. फोटोची प्रत सोबत ठेवलीय, बघ, आणि पुढच्या बुधवारपर्यंत हो किंवा नाही ते कळव. तू गुरुवारी येशील का, हे त्यांनी विचारलेलं नाही, तेवढा धीर झाला नसावा. ते मी विचारते आहे. नाही म्हणालास तर ती स्लाइड ते गाळतील. पण ती खूण मात्र करायची नाही, एकाही फोटोवर नाही, असं त्यांनी मला जाताना दोनदा बजावलंय. मी म्हटलं, बाबा, मग फाइल अशीच उशिरा उघडणार, सगळ्यांसमोर अडणार. ते म्हणाले, “अडू दे. मी थांबेन.”

तुझीच, अजूनही दोन वर्षांनी मोठी,
ताई