कृतिका कांचनगंगेवर गेली तेव्हा

६ एप्रिल

गेली एकदाची! लेक कांचनगंगा चढायला आणि बाप सोफ्यावर रुसून. "जायचं तर जा" — एवढंच बोलले हे तिच्याशी. विमानतळावर सोडायला मी एकटीच. मीच तिची बाजू लावून धरलेली ना! कोपरीत घरी परत आले, तर हे आमचे उत्तमराव मूगडाळ निवडत बसलेले. पाकिटातली. निवडलेलीच असते ती!

११ एप्रिल

ह्यांनी वाचनालयातून तीन जाडजूड पुस्तकं आणली. कांचनगंगेवरच्या मोहिमांचा इतिहास. "सहज," म्हणाले. सहज वाचताना कोणी आंघोळ विसरतं?

१२ एप्रिल

आजही विसरले.

१९ एप्रिल

घरात आता दुसरा विषय नाही. भाजी चिरताना एकोणीसशे पाच — हिमकडा कोसळला, चार माणसं गेली. चहाबरोबर एकोणतीस आणि एकतीस — जर्मन दोनदा आले, दोन्ही वेळा अर्ध्यातून परत. मी म्हटलं, "अहो, कोणी धड पोचलं की नाही त्या पुस्तकात?"

"तिथवर अजून आलो नाही."

शेजारच्या विमलाबाई कोथिंबीर द्यायला आलेल्या. त्यांनाही दारातच उभं करून एक हिमवादळ ऐकवलं. बिचाऱ्या पदर आवळून घेत होत्या — एप्रिलच्या उकाड्यात!

२७ एप्रिल

आज पंचावन्न साल आलं. पोचले एकदाचे! पण अगदी टोकावर पाय ठेवला नाही म्हणे. सिक्कीमच्या लोकांचा तो देव, म्हणून शब्द दिलेला. चार पावलं अलीकडेच थांबले. सांगता सांगता ह्यांनी पुस्तक मिटलं.

"इतकं चढून थांबले, विनिता! थांबता येतं माणसाला."

मी लसूण सोलत होते. थट्टा करायची राहूनच गेली.

५ मे

कृतिकाचा फोन! बेस कॅम्पवरून, तुटक तुटक. मी "जेवतेस ना नीट" एवढं विचारते तोच ह्यांनी हिसकावला. महिन्याचा अबोला, आणि पहिलं वाक्य काय? "ईशान्येच्या धारेवरून जाऊ नका हं! जर्मनांचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

ती खो खो हसली. "बाबा, ती सिक्कीमची बाजू! आम्ही नेपाळकडून चढतोय!"

"असं होय. मग जा."

फोन कट. नंतर बराच वेळ नकाशा घेऊन बसलेले. उलटा.

१९ मे

आज कृतिकाची तुकडी शिखराकडे निघणार होती. ह्यांनी खोपटला काम काढलं. काम कसलं — एसटी डेपोतल्या बाकावर बसून आले, स्वतःच सांगितलं. इतकं काय घाबरायचं! मी बघा कशी मजेत. आमटीची फोडणी तेवढी दोनदा करपली.

२० मे

मोहिमेच्या ऑफिसातून फोन. तुकडीतले दोघं वर पोचले. कृतिका नाही! शिखर समोर दिसत होतं, आणि तिच्या जोडीदारणीला, दिशाला, दिसेनासं झालं — बर्फाच्या चकाकीने. कृतिका तिला धरून खाली घेऊन आली. दोघी सुखरूप. दिशाचे डोळे बरे होतील म्हणतात.

हे उठले. चपला घातल्या, बाहेर गेले, पेढे घेऊन आले. अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटले. विमलाबाईंनी विचारलं, "पोचली का हो वर?"

"नाही," हे म्हणाले. "खाली पोचली!"

४ जून

कृतिका घरी. नाकाचं सालटं निघालंय, आणि हसतेय. जेवताना ह्यांनी विचारलं, "मग, परत कधी?" ती म्हणाली, "पुढच्या वर्षी, बाबा." हे चक्क मान डोलवायला लागले.

"कुठ्ठे जायचं नाही!" — कोणीतरी ताट सारून ओरडलं. दोघं वळून बघायला लागले, तेव्हा कळलं. मीच.