अदिबाचं किचन आणि पाळतीवरचे लोक

६ जानेवारी, सोमवार
शनिवारी अदिबाच्या शाळेत 'टाकाऊपासून टिकाऊ' प्रदर्शन. बाहुलीचं किचन करायचंय. तिसरीतली पोर म्हणते, मी स्वतः करणार. साफ नाही म्हणालो. बीडमध्ये बावीस वर्षं फ्रीज-मिक्सर दुरुस्त करणारा बाप असताना पोरीनं हात कशाला लावायचा? काडेपेट्यांचा फ्रीज, बाटलीच्या झाकणांचा मिक्सर. दोन दिवसांत खलास. पहिला नंबर ठरलेला.

७ जानेवारी
गिऱ्हाइकांना "उद्या या" सांगून शटर अर्धं ओढलं, कामाला बसलो. समोरचा मेकॅनिक मुबीन दोनदा चहा घेऊन आला. "कावून अर्धं शटर बे?" म्हणे. म्हणजे ह्याला वास लागला. त्याची पोरगी अदिबाच्याच वर्गात आहे, हे मी विसरलेलो नाही.

८ जानेवारी, दुपार
किचन तयार! शाईस्ता म्हणाली, मिक्सर फ्रीजपेक्षा उंच झालाय. स्वतःची बायको, पण हिला कोणी पढवलं? अदिबानं बघायला मागितलं. उद्या, म्हणालो. पोरं शाळेत बोलून टाकतात.
सगळा माल दिंद्रुडच्या भामाबाईंच्या फ्रीजमध्ये लपवला. चार महिने दुकानात बंद पडलाय. कोण उघडणार?

९ जानेवारी
भामाबाई टेम्पो घेऊनच आल्या. "नबीभाई, आता उद्या-बिद्या न्हाई. झाला असंल नसंल, फ्रीज द्या." उचलायला मुबीन आपणहून आला. माझं सगळं लक्ष त्याच्या हातांवर. काय खिशात घालील, नेम नाही. फ्रीज चढवताना आत खडखड झाली. कॉम्प्रेसर सेट होतोय, असं बाईंना ठणकावून सांगितलं.

१० जानेवारी, संध्याकाळ
चोरी! किचन गायब. फ्रीज गेला हे खरं, पण किचन मी त्याआधी काढलंच असणार. एवढा वेंधळा मी नाही. मग काल दुकानात कोण होतं? मुबीनला तोंडावर विचारलं. "नबी, लई झालं बे," एवढंच बोलला आणि चहाचा ग्लास उचलून गेला. कबुलीच की ही.
अदिबाला उद्या देतो म्हणालो. "अब्बू, उद्याच तर प्रदर्शन हाय."

११ जानेवारी, शनिवार
सकाळी भामाबाईंचा फोन. फ्रीजमधल्या खेळण्यांवर नाती लई खूश. फ्रीज मात्र गार करत न्हाई.
तोंड लपवत शाळेत गेलो. अदिबाच्या टेबलाभोवती गर्दी. पोरीनं चोरून स्वतःच केलं होतं. किचन नाही, माझं दुकान. काडेपेटीचे फ्रीज, मिक्सर, सगळे खोलून पडलेले. चंदेरी कागदाचं शटर अर्धं ओढलेलं, त्यावर चिठ्ठी: 'उद्या या.'
पहिला नंबर. सगळ्यात आधी टाळी मुबीननं वाजवली.
मी रागावतो की काय, म्हणून अदिबा माझ्याकडे बघत होती. हे तुला कोणी पढवलं, असं विचारणार होतो. विचारलं नाही.